म्हशाच्या बाजारात बैल पारखताना

भाईंदरला आमच्या इमारतीत मारवाडी कुटुंबं बरीच. जनावरांचा विषय निघाला की ती मंडळी नागौरच्या मेळ्यात पोचतात: वाळू, रंगीत फेटे, चालीला चपळ नागौरी बैल. आम्हा ठाणेकरांचा मेळा मुरबाड तालुक्यात म्हशाला, पौष पौर्णिमेपासून, म्हसोबा खांबलिंगेश्वराच्या यात्रेत भरतो. घोडबंदर रस्त्याने ठाणं, मग कल्याण, पुढे मुरबाडची एसटी.

भात निघालेल्या खाचरांत दावणी लागतात. रंगवलेली शिंगं, गोंडे, घुंगरमाळा, पलीकडे घोंगड्यांची दुकानं. जाणता गिऱ्हाईक मात्र या सजावटीकडे बघतच नाही. तो आधी बैलाचा जबडा उघडतो. गाईबैलांना पुढचे दात खालीच असतात, आठ. दुधाचे दोन पडून पक्के आले की दुसा, चार आले की चौसा, आठही आले की जुळलेला. मग वशिंडापुढे हात फिरवून जुवाखाली खांदा आलेला नाही ना, हे बघायचं. खूर काळा आणि टणक हवा. शेवटी चाल. मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर पडला, तर चाल मोकळी. ठसा मागे राहिला की म्हातारी माणसं न बोलता पुढच्या दावणीकडे वळतात. ही नजर कुठल्या पुस्तकातून येत नाही, आणि तीच बघायला मी इतक्या लांब जाते.

खिल्लार देखणा, पांढरा, लांब शिंगांचा. माझा जीव डांगीवर. अकोले-इगतपुरीच्या डोंगरातला हा काळा-पांढरा बैल. त्याच्या कातडीला तेलकटपणा असतो, म्हणून मुसळधार पावसातही तो चिखलात उभा राहतो. कोकणच्या भातशेतीला याहून योग्य जनावर नाही. पण खाचरांत आता पॉवर टिलर आलेत. त्यात मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींचा कायदा वैध ठरवला. आता शर्यतीच्या खोंडांभोवती कोंडाळी असतात, औताच्या डांगीपाशी दोन-चार माणसं. याचं मला फार वाईट वाटतं.

भाव तोंडाने ठरत नाही. विकणारा आणि गिऱ्हाईक हातांवर उपरणं टाकतात आणि खाली बोटं दाबली जातात. बोट हजाराचं की दहा हजारांचं, हे दोघांना ठाऊक असतं. शेजारच्या दावणीला कळू नये, म्हणून हा पडदा. चेहरे कोरे. हात झटकला की बोलणी फिसकटली. मग दलाल दोघांना पुन्हा जवळ ओढतो.

जमलं की इसार दिला जातो. त्यानंतर विकणाऱ्या शेतकऱ्याचं बोलणं सुरू होतं: हा डाव्या अंगाला चालतो, उजवीकडे जुंपू नका, पेंड भिजवून घाला, पोरांना जवळ येऊ देतो, पण मागून हात लावलेला खपत नाही. घेणारा एकेक गोष्ट पुन्हा विचारून घेतो.