मनगटात दबलेली नस: गैरसमज आणि वस्तुस्थिती

१९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि लिज्जत उभं राहिलं. परळ-लालबागच्या खानावळवाल्या बायका गिरणी कामगारांना रोज जेवू घालत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. इतकं लाटणं आणि तिंबणं ज्या मनगटांनी केलं, त्यांच्या दुखण्याची चौकशी मात्र फारशी झाली नाही.

‘कार्पल टनेल हा कॉम्प्युटरवाल्यांचा आजार.’ मनगटातली नस दबण्याच्या या आजाराबद्दल हा समज सगळ्यात पक्का आहे. प्रत्यक्षात कीबोर्डपेक्षा कितीतरी ठोस पुरावा आहे तो जोर लावून, पुन्हा पुन्हा, मनगट वाकवून केलेल्या कामाचा आणि थरथरणाऱ्या यंत्रांचा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१० च्या व्यावसायिक आजारांच्या यादीत हा आजार याच कारणांसह आहे. म्हणजे पोळ्या लाटणारी, जाड कापड कापणारा शिंपी, ग्राइंडर चालवणारा कारागीर, हे सगळे त्यात येतात.

‘मुंग्या येतात म्हणजे मान धरली असेल, नाहीतर बी-१२ कमी असेल.’ कधी कधी तसं असतंही, पण ते तपासून ठरवायचं असतं. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून बोटं वळवणाऱ्या नऊ दोऱ्या जातात आणि त्यांच्यासोबत एक नस. ती दबली की अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते. करंगळी सहसा सुटते. रात्री जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. इतकं विचारायला पाच मिनिटं पुरतात. मग अंगठ्याची ताकद पाहायची, त्याच्या बुडाचा मांसल उंचवटा खपाटीला गेलाय का ते बघायचं, मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण विचारायचं. आणि ‘काम काय करता?’ हेही. माझ्या मते चांगल्या उपचाराची पहिली खूण हा प्रश्नच आहे. तो न विचारता गोळ्या लिहिल्या, तर तपासणी अपुरीच राहिली. अमेरिकेतल्या रँड संस्थेच्या संशोधकांनी कामामुळे होणाऱ्या या आजाराच्या उपचारांचा दर्जा मोजायला निकष तयार केले, हे आपल्याकडेही माहीत व्हायला हवं.

‘एमआरआय केल्याशिवाय कळत नाही.’ बहुतेकांना त्याची गरज नसते. निदान पक्कं नसेल किंवा ऑपरेशनचा विचार असेल, तर नसेतून विजेचा संदेश किती वेगानं जातो ते मोजणारी तपासणी उपयोगी पडते.

दुखणं सौम्य असेल तर मनगट सरळ ठेवणारा पट्टा काही आठवडे रात्री बांधायचा आणि कामाची पद्धत बदलायची. वेदनाशामक गोळ्यांनी नस मोकळी होत नाही. स्टिरॉइडच्या इंजेक्शननं आराम पडतो, पण अनेकांना तो तात्पुरता असतो.

‘ऑपरेशन केलं की हात जातो.’ उलट, उशीर केल्यानं हात जातो. बधिरपणा चोवीस तास राहू लागला, हातातून भांडं निसटू लागलं, अंगठ्याचा स्नायू झडला, की नस मोकळी केल्यावरही सगळं परत येईलच असं नाही. ऑपरेशनमध्ये बोगद्याच्या छताचा घट्ट पट्टा कापतात. बहुधा फक्त हात बधिर करून ते होतं आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. पकड पूर्ववत व्हायला मात्र काही महिने लागू शकतात. लगेच कणीक तिंबायला बसू नये.

‘कामाचा आजार आहे, म्हणजे भरपाई मिळणारच.’ आपल्या भरपाईच्या कायद्यातल्या यादीत कापसाच्या धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजार आहे, कार्पल टनेल नाही. ही उणीव भरून निघायलाच हवी. पण विमा असलेल्या कामगाराला राज्य कामगार विमा योजनेतून उपचार मिळण्यासाठी आजार कामामुळेच झाला हे सिद्ध करावं लागत नाही. परळच्या महात्मा गांधी स्मारक रुग्णालयात ती सोय आहे. घरी पापड लाटणाऱ्या बाईला विमा नसेल, तर जवळचा आधार केईएमसारख्या पालिका रुग्णालयाचा. तिथे गेल्यावर केस पेपरवर कामाचं स्वरूप आणि रोजचे तास लिहून घ्यायला सांगावं.