सेरामपूरची शनिवारची बैठक

मंडळीच्या कोणत्याही सभेला जा, 'आपलं दर्शन एक हवं' हे वाक्य कानावर पडतंच. पण दर्शन म्हणजे नेमकं काय, असं विचारलं की गाडी अडते. एकाला उपासनेसाठी मोठी इमारत हवी असते, दुसऱ्याला वस्तीत शिकवणी वर्ग, तिसऱ्याला तरुणांचं गायकवृंद. तिघेही मनापासून बोलतात, आणि वर्ष संपतं तरी काम तिथंच असतं!

याचं एक जुनं उदाहरण मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांच्या ओळखीचं आहे, निदान अर्धं तरी. डॉ. विल्यम केरी यांचं मराठी व्याकरण 1805 साली आणि मराठी-इंग्रजी कोश 1810 साली सेरामपूरला छापला गेला. (बंगालमधलं हे सेरामपूर म्हणजे श्रीरामपूरच, पण आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे.) कोशातले मराठी शब्द मोडी लिपीत आहेत. फोर्ट विल्यम कॉलेजातले वैजनाथ पंडित केरींच्या मदतीला होते. केरींचं नाव आपण परीक्षेपुरतं पाठ करतो. मात्र हे काम ज्या घरातून झालं, त्या घराबद्दल फारसं कुणी सांगत नाही.

केरी जोडे शिवणारे, जोशुआ मार्शमन शाळामास्तर, विल्यम वॉर्ड छापखान्यातले. 1793 पासून बंगालमध्ये असलेले केरी 10 जानेवारी 1800 रोजी सेरामपूरला आले आणि तिघांचं बिऱ्हाड एकत्र झालं. गाव डेन्मार्कच्या ताब्यात होतं, म्हणून ईस्ट इंडिया कंपनीचा जाच तिथं कमी. पंगत एक, तिजोरी एक. कॉलेजात शिकवून केरींना मिळणारा पगार, मार्शमन पती-पत्नींच्या शाळांची फी, छापखान्याची मिळकत, सगळं एका पेटीत. हॅना मार्शमन यांचं नाव कमी घेतलं जातं, पण त्यांच्या शाळेच्या पैशावर बरंच काही चाललं.

मला सगळ्यात आवडतो तो त्यांचा शनिवारचा नियम. शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी बसायचं, आठवडाभरात कुणाचं कुणाशी बिनसलं असेल तर ते तिथंच बोलून मिटवायचं आणि मग रविवारच्या उपासनेला जायचं. एकत्र राहिलं की भांडणं होणारच, हे त्यांनी पहिल्याच महिन्यात गृहीत धरलं होतं. आपण मात्र एकदिलाने राहण्याची प्रार्थना करतो आणि रुसवा वर्षभर जपतो!

1805 साली त्यांनी आपलं दर्शन कागदावर उतरवलं. तो करारनामा वर्षातून तीनदा, जानेवारी, मे आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, प्रत्येक ठाण्यावर जाहीर वाचायचा असं ठरलं. त्यातली कलमं आजही दचकवतात. लोकांचे विचार आणि चालीरीती समजून घ्याव्यात. नव्या शिष्यांची भारतीय नावं बदलू नयेत. मंडळ्यांचे पाळक इथलेच असावेत. कुणी स्वतःसाठी धंदा करू नये. म्हणजे 'दर्शन' हा शब्द नावं, पैसा आणि अधिकार इथपर्यंत उतरला होता. 11 मार्च 1812 रोजी छापखान्याला आग लागली. कागद, टाइप, भाषांतरांची हस्तलिखितं जळाली. तरी काही आठवड्यांत छपाई पुन्हा सुरू झाली. काम एकट्या केरींचं असतं तर ते तिथंच बसलं असतं, असं मला वाटतं.

पण गोष्ट इथं संपवली तर ती खोटी ठरेल. पुढे इंग्लंडहून तरुण मिशनरी आले. त्यांना एक पंगत, एक तिजोरी आणि ज्येष्ठांचा, विशेषतः मार्शमन यांचा, शब्द जाचू लागला. काही जण कलकत्त्याला जाऊन वेगळे झाले. मिळकत कुणाच्या नावावर, यावरून लंडनच्या सोसायटीशीही वाद पेटला आणि 1827 साली सेरामपूर सोसायटीपासून तुटलं. तिघांचं एकमत शेवटपर्यंत टिकलं, पण नव्यांनी ते स्वतः घडवलं नव्हतं. त्यांच्या हाती तयार नियम आले. शनिवारच्या बैठकीत ते लहानाचे मोठे झाले नव्हते. शिष्यत्वाचं काम अडतं ते बहुधा इथंच. आपल्या युवक संघात नवा सभासद आला की आपण त्याला नियमावली देतो. ती बदलण्याच्या चर्चेला किती वेळा बसवतो?

वॉर्ड 1823 मध्ये गेले, केरी 1834 मध्ये. सेरामपूर आणि लंडन पुन्हा एक झाले ते 1837 च्या डिसेंबरमध्ये. त्याच महिन्यात मार्शमनही वारले.