खोडरबर बाजूला ठेवा, आधी मास्क शिका

फोटो सुधारण्याच्या ‘गिंप’ या सॉफ्टवेअरचं ३.० अखेर १६ मार्च २०२५ रोजी आलं. २०१८ सालच्या २.१० नंतरची ही मोठी आवृत्ती, तीही मोफत. नव्या सोयींच्या याद्या एव्हाना सगळीकडे फिरल्या आहेत. नवशिक्याने मात्र आधी जुनीच गोष्ट शिकावी: लेअर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले थर, आणि लेअर मास्क.

खोडरबर फोटोतला भाग पुसूनच टाकतो; फाइल बंद केली की ‘अनडू’ही हाताशी राहत नाही. मास्क झाकतो. लेअरला जोडलेलं ते काळंपांढरं चित्र. पांढरं तिथे वरचा लेअर दिसतो, काळं तिथे खालचा, करडं तिथे दोन्ही मिसळून. चुकलं तर पांढरा ब्रश फिरवा, झाकलेलं जसंच्या तसं परत येतं.

ही युक्ती संगणकाच्या कितीतरी आधीची. १८५० च्या दशकातल्या फोटो घ्यायच्या काचा निळ्या प्रकाशाला फार लवकर भुलत. समुद्र नीट उमटेपर्यंत आभाळ कोरं पांढरं होऊन जाई. फ्रान्सच्या ग्युस्ताव्ह ल ग्रेने समुद्राची एक निगेटिव्ह घेतली, ढगांची दुसरी, आणि छापताना क्षितिजापाशी एक भाग झाकून दुसरा उमटवला. फोटोशॉपमध्ये लेअर आले ते थेट १९९४ साली! ल ग्रेची सागरचित्रं पाहावीत आणि मगच मास्कला हात लावावा, असं मला मनापासून वाटतं.

सरावाला लग्नातले लागोपाठचे दोन ग्रुप फोटो घ्या. एकात आत्याचे डोळे मिटलेले, दुसऱ्यात उघडे. उघड्या डोळ्यांचा फोटो वरच्या लेअरवर ठेवा, ओपॅसिटी निम्मी करून चेहऱ्यावर चेहरा बसवा, ओपॅसिटी पुन्हा पूर्ण करा. मग लेअरवर राइट क्लिक, ‘ॲड लेअर मास्क’, काळा. आत्याचे डोळे पुन्हा मिटतील. आता मऊ कडेचा पांढरा ब्रश फक्त चेहऱ्यावरून फिरवा. हनुवटीखाली मंगळसूत्र दुहेरी दिसू लागलं, तर एक्स कळ दाबून काळ्यावर या आणि तेवढंच झाका. केसांपाशी कड मऊच हवी, खांद्यापाशी जरा कडक. रंग फोटोवरच फासला गेला, तर लेअरच्या यादीत मास्कऐवजी फोटोचं छोटं चित्र निवडलेलं असतं.

काम गिंपच्या स्वतःच्या एक्ससीएफ फाइलमध्ये सेव्ह करा, तिच्यात लेअर आणि मास्क वेगळे राहतात. जेपेग व्हॉट्सॲपवर पाठवण्यापुरता. त्यात सगळे लेअर एक होतात. शेजारच्या काकांचेही डोळे मिटलेत हे आठवड्याने लक्षात आलं, तरी एक्ससीएफ उघडून तोच मास्क पुढे रंगवता येतो.