दोन विषय बाकी

पहाटे ५.३०. ताईचा फोन. "तो तयार आहे रे. रात्रभर झोपला नाही."

भाच्याचा तंत्रनिकेतनाचा उन्हाळी निकाल लागून आठवडा झाला. मेकॅनिकलचं दुसरं वर्ष झालं, पण पहिल्या वर्षाचं गणित आणि यंदाचं स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स असे दोन विषय राहिले. इयर डाऊन, म्हणजे तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. तेव्हापासून घरात दोन पक्ष आहेत. भाऊजी म्हणतात, पुन्हा परीक्षा दे. पोरगा म्हणतो, कॉलेजचं तोंड पाहणार नाही, मामाच्या कंपनीत अप्रेंटिस लागतो. मी नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्याची टूल रूम सांभाळतो, शिकाऊ उमेदवार माझ्याच हाताखाली येतात. म्हटलं, आधी एक दिवस सोबत ये, डोळ्यांनी पाहा, मग बोलू. मॅनेजरसाहेबांना विचारून त्याचा पास काढून ठेवला होता.

६.१५. अग्रसेन चौकातून मेट्रो. बराच वेळ तो खिडकीबाहेरच पाहत होता. कॉटन मार्केट मागे पडल्यावर बोलला. "मामा, माह्या सोबतचे सगळे तिसऱ्या वर्षात गेले. त्यांच्यासमोर कसा जाऊ मी?"

मला हेच ऐकायचं होतं. विषय जड गेला, शिकवलेलं कळलं नाही, मनच लागत नाही, यातलं एकही कारण त्यानं सांगितलं नाही. सांगितली ती लाज. निकालाच्या आठवड्यात लाज फार मोठी दिसते आणि पोरं त्या भरात पुढच्या दहा वर्षांचा निर्णय करून टाकतात. मी इतकंच म्हटलं, "इयर डाऊनवाल्याले रोज वर्गात बसा लागत नाही. राहिलेल्या विषयांचा पेपर द्यायचा, हिवाळीले नाही तर उन्हाळीले." त्याला ते माहीत होतं. खरी अडचण मधल्या रिकाम्या महिन्यांची आहे, आणि त्याचं उत्तर कॉलेजकडे नसतं.

कॉटन मार्केटच्या आसपास मला नेहमी एम्प्रेस मिल आठवते. १८७७ साली जमशेटजी टाटांनी ती सुरू केली, तेव्हा कारभार दिला बेझनजी मेहतांकडे. हा माणूस रेल्वेतून आलेला, कापड गिरणीचा अनुभव शून्य. काम करता करता शिकला आणि गिरणी नावारूपाला आणली. हातानं शिकण्याला या शहरात कमीपणा कधीच नव्हता. हे भाच्याला सांगितलं तर त्याचा चेहरा खुलला. अप्रेंटिसशिपच्या बाजूनं बोललो असं त्याला वाटलं असावं.

७.३०. शिफ्ट सुरू. सेफ्टी शूज, गॉगल, आणि एक ताकीद: कुठल्याही मशीनला हात लावायचा नाही. ज्याचा करार नोंदलेला नाही, त्याला मी मशीनजवळ उभंही करत नाही.

९.००. त्याला बेंचवर घेतलं. व्हाइसमध्ये माइल्ड स्टीलचा तुकडा बांधला, हातात कानस दिली. पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपात त्यानं हे केलं होतं, पण मार्कांपुरतं. पुढे जाताना दाब, मागे येताना कानस हलकी. दोन्ही हातांचा दाब जाताना बदलत न्यावा लागतो: सुरुवातीला डाव्या हाताचा जास्त, शेवटी उजव्याचा. तो न बदलता रेटला की कानस झुलते आणि पृष्ठभाग मधोमध फुगतो. अर्ध्या तासानं त्यानं तुकडा अभिमानानं पुढे केला. मी त्यावर गुण्या ठेवला आणि खिडकीकडे धरला. मध्ये पातं टेकलेलं, दोन्ही टोकांना उजेडाची फट.

"आता काय करू?"

"मधलं काढ. कडेले हात नको लावू."

त्यानं पुन्हा सुरू केलं. शर्ट घामानं पाठीला चिकटला, जूनचा उकाडा अजून सरलेला नाही. फट कमी झाली, एका टोकाला राहिलीच. पण तो थांबला नाही, कुरकुरलाही नाही. हात आहे पोराला.

११.३०. लेथवर टेपरचं काम लागलं होतं. मोठा व्यास ४० मिलिमीटर, लहान ३२, लांबी ६०. गोंदियाची एक मुलगी, आयटीआय झालेली, आमच्याकडे शिकाऊ आहे. कंपाउंड स्लाइड किती अंशावर बांधायची यावर ती अडली होती. हात तिचा माझ्याइतका स्वच्छ चालतो, सूत्र मात्र दर वेळी निसटतं. भाचा लांबूनच म्हणाला, "व्यासातला फरक आठ. त्याले लांबीच्या दुपटीनं भागायचं. टॅन इन्व्हर्स." मोबाइलवर काढून सांगितलं: तीन अंश एकोणपन्नास मिनिटं. तिनं बांधलं, पहिला कट घेतला, मोजलं. बरोबर होतं.

गणितात नापास झालेला पोरगा हा! त्याला गणित येत नाही असं नाही, त्याचा उपयोग कुठे होतो ते कोणी दाखवलं नव्हतं.

१.००. जेवणाची सुट्टी. डबा उघडून मी त्याला कागदावर मांडून दाखवलं, कारण हे सहसा कोणी सांगत नाही.

शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. त्यात अप्रेंटिस हा कामगार नसतो, शिकणारा असतो. म्हणून करार लेखी हवा आणि सरकारी पोर्टलवर नोंदलेला हवा. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची. पुढे नोकरी मिळेलच अशी हमी मात्र कायदा देत नाही. करार नसेल आणि "ये, शीक, पैसे देऊ" एवढंच असेल, तर ती स्वस्तातली मजुरी आहे. अशी पोरं मी पाहिली आहेत. वर्षभर माल उचलतात, हाती ना प्रमाणपत्र ना काम.

मग त्याचा हिशेब. २०१९ च्या नियमांत किमान विद्यावेतन ठरलं ते असं: दहावी पासला महिन्याला ६,०००, बारावी किंवा आयटीआयवाल्याला ७,०००, पदविकाधारकाला ८,०००. अर्धवट पदविकेचा रकाना त्यात नाही. आज करार केला तर दोन वर्षं पॉलिटेक्निक केलेला हा मुलगा कागदावर दहावी पास. मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपचं त्याच्या मनात होतं. तिथं आयटीआय लागतो. तिथल्या अप्रेंटिसशिपचा फायदा मोठा आहे हे खरं; रेल्वेच्या लेव्हल एकच्या थेट भरतीत वीस टक्के जागा अशी अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी असतात. पण आयटीआयची दोन वर्षं करून पुन्हा पदविका करावीशी वाटली, तर प्रवेश मिळेल थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे फिरून तो आज आहे त्याच्याही मागे येणार.

"मंग अप्रेंटिस वाईट आहे का?" त्यानं विचारलं.

अजिबात नाही. आमच्या टूल रूममध्ये काटोलचा एक मुलगा आहे. बी.एस्सी.च्या पहिल्याच वर्षात बहुतेक विषय राहिले, पुस्तक उघडलं की झोप यायची. त्यानं कॉलेज सोडून आयटीआय केला, मग करार केला, आता ट्रेड टेस्ट देतोय. त्यानं वर्ष पुन्हा काढलं असतं तर तेही वाया गेलं असतं, हे मी छातीठोकपणे सांगतो. माझा हिशेब साधा आहे: किती विषय राहिले आणि का राहिले. दोन राहिले असतील आणि डोकं चालत असेल तर पदविका सोडू नये. सात-आठ राहिले असतील आणि वर्गात जीव घुसमटत असेल, तर बापानं फीचे पैसे पुन्हा भरण्याआधी वर्कशॉप दाखवावं.

३.००. ब्रेकडाऊन. दोन तास माझं कोणाकडेच लक्ष नव्हतं.

५.१५. लोकमान्य नगर स्टेशनवर तो म्हणाला, "ती मुलगी म्हणत होती, तिले डिप्लोमा करायचा आहे. मी सोडून राहिलो आन् तिले पाहिजे." मी उत्तर दिलं नाही, त्याची गरजही नव्हती.

६.३०. ताईच्या घरी. भाऊजी दारातच उभे. "काय ठरलं?"

मी म्हटलं, "भाऊजी, त्यालेच विचारा."

"हिवाळी परीक्षेचा फॉर्म भरतो," तो म्हणाला. "पण पाच महिने घरात बसून नाही राहणार मी. आन् उठता-बसता निकालावरून बोलणं नको."

भाऊजींनी मान हलवली. रिकाम्या महिन्यांचं मग तिथंच ठरलं. दर शनिवारी शिफ्ट सुटल्यावर आमचे शिकाऊ माझ्या घरी ट्रेड टेस्टची गणितं सोडवायला बसतात. भाचाही येईल, त्यांना त्रिकोणमिती समजावेल आणि ते त्याला ड्रॉइंग वाचायला शिकवतील. बाकीच्या दिवशी सकाळी अभ्यास, दुपारी कॅडचा क्लास. क्लासची फी मी देतो म्हटलं, तर भाऊजींनी ऐकलं नाही.

निघताना ताईनं हळूच विचारलं, "आन् हिवाळीलेही नाही निघाले तर?"

तिला स्पष्ट सांगितलं. दोन्ही राहिले तर निकालाच्या दुसऱ्याच दिवशी पोर्टलवर त्याची नोंदणी मी स्वतः करीन, दहावी पास म्हणून का होईना, आणि त्या वेळी घरात कोणी तोंड पाडायचं नाही. एकच राहिला तर आणखी एक परीक्षा थांबू. भाऊजींनी ते ऐकलं आणि कॅलेंडर काढून फॉर्मची शेवटची तारीख विचारायला लागले.