आधार हवा, ताबा नको

दिव्यांग व्यक्तीसाठी मदतनीस किंवा निवासी संस्था शोधताना घरचे लोक खर्च विचारतात, अंतर विचारतात, स्वच्छता पाहतात. ज्याच्यासाठी ही सगळी धावपळ, त्याचं मत सगळ्यात शेवटी. तेही कुणाला आठवलं तर. याच्या मुळाशी काही घट्ट बसलेले समज आहेत.

गैरसमज : बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाचे आईवडील आयुष्यभर त्याचे कायदेशीर पालक असतात.

वस्तुस्थिती : 18 वर्षं पूर्ण झाली की तोही कायद्यानं सज्ञान होतो. त्यानंतर पालकत्व हवं असेल तर राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 नुसार स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. पालकाची खरंच गरज आहे का आणि कोणत्या कामांसाठी, हे समितीनं तपासायचं असतं. नेमलेल्या पालकाला मालमत्तेचा हिशेब दरवर्षी द्यावा लागतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये तर ‘मर्यादित पालकत्वा’ची तरतूद आहे : ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक मुदतीसाठी आणि त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून.

गैरसमज : बोलताच येत नाही, तर विचारून काय उपयोग?

वस्तुस्थिती : चमचा धरता न येणाऱ्यालाही काय खायचं ते ठरवता येतं. चांगला मदतनीस पोह्यांचं आणि उपम्याचं चित्र समोर धरतो आणि नजर एका चित्रावर स्थिरावेपर्यंत थांबतो. मग चित्रांच्या जागा बदलून पुन्हा विचारतो, म्हणजे उत्तर खरंच त्या पदार्थाचं होतं की फक्त डाव्या बाजूचं, हे कळतं. याला दोन-तीन मिनिटं लागतात. घाईच्या सकाळी नेमकी तीच वाचवली जातात.

गैरसमज : संस्थेत ठेवलं की माणूस सुरक्षित.

वस्तुस्थिती : 1994 मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशयं पुण्यात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. पाळीच्या दिवसांतली स्वच्छता जमत नाही, हे कारण देण्यात आलं. 2009 मध्ये चंडीगडच्या शासकीय संस्थेतल्या एका तरुणीवर तिथेच अत्याचार होऊन ती गरोदर राहिली. तिला मूल हवं होतं, तरी उच्च न्यायालयानं गर्भपाताचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयानं तो रोखला आणि तिची संमती आवश्यक मानली. आता 2016 च्या कायद्यानुसार दिव्यांग व्यक्तीच्या मुक्त आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया करता येत नाही. अमुक ठिकाणीच राहा, अशी सक्तीही करता येत नाही.

गैरसमज : मदत मिळतेय ना, मग तक्रार कसली?

वस्तुस्थिती : मदत म्हणजे उपकार नव्हे. आधाराची व्यवस्था बदलण्याचा, मोडण्याचा आणि दुसऱ्याची मदत घेण्याचा हक्क 2016 च्याच कायद्याच्या कलम 13 मध्ये आहे. मदत करणाऱ्यानं दबाव आणायचा नाही. एखाद्या व्यवहारात दोघांचे हितसंबंध एकमेकांच्या आड येत असतील, तर त्या व्यवहारात त्यानं मदत करण्यापासून दूर राहायचं. घराच्या वाटणीची कागदपत्रं भावाला समजावून सांगणारा दुसरा भाऊ स्वतःच त्या वाटणीचा हिस्सेदार असेल, तर ही तरतूद त्यालाही लागू होते.

गैरसमज : चकाचक इमारत आणि जागोजागी सीसीटीव्ही म्हणजे उत्तम दर्जा.

वस्तुस्थिती : फरशी स्वच्छ असायलाच हवी, पण तिच्यावरून तिथल्या माणसांचे दिवस कसे जातात ते कळत नाही. सकाळी किती वाजता उठायचं हे कोण ठरवतं? आंघोळीच्या वेळी दार लागतं का? मोबाइल कुणाच्या ताब्यात असतो? ‘या मदतनिसाकडून नको’ असं म्हटलं तर पुढे काय होतं? संस्था पाहायला जाल तेव्हा हे प्रश्न तिथे राहणाऱ्यांनाच विचारा, आणि तेही व्यवस्थापक शेजारी उभे नसताना. त्यांच्याशी एकट्यानं बोलू देत नसतील, तर उरलेली पाहणी करण्याची फारशी गरज नाही.