दर्यावर्दींची सहल

आपल्या भागात घर तिथे फौजी असे म्हणण्याची पद्धत आहे, आणि ते फारसे खोटे नाही. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाने तर आपल्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडून घेतला. पण फौजी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिरवा गणवेश येतो. पांढऱ्या कपड्यांतला नौसैनिक कुणाला आठवत नाही. समुद्र पडला घाटाखाली. तरीही आपल्या सभासदांत नौदलातून निवृत्त होऊन आलेली मंडळी आहेत. जहाजावरच्या बॉयलरवर वाफ धरलेले काहीजण नंतर आपल्याच बॉयलर हाऊसला लागले आणि दुसऱ्यांदा निवृत्त झाले. या मंडळींनी तालुक्याला माजी नौसैनिकांची शाखा काढली आहे. शाखेच्या सहली आणि मेळाव्यांविषयी सभासदांना माहिती द्यावी म्हणून हा लेख.

“सहली काढायला शाखा कशाला हवी?” असे आम्हीही प्रथम विचारले. त्याचे जे उत्तर मिळाले ते विचार करण्यासारखे आहे. मराठा पलटणीतला जवान निवृत्त होऊन गावी आला, की त्याच पलटणीतले चार जण त्याला पारावरच भेटतात. एकाने लढाईची गोष्ट काढली तर दुसरा ती पुरी करतो. नौदलात जातवार वा प्रांतवार पलटणी नाहीत. एका जहाजावर केरळचा, पंजाबचा, बिहारचा, कोकणचा असे सगळे एकत्र. दहा-पंधरा वर्षे एका मेसमध्ये जेवलेला सोबती निवृत्तीनंतर हजार मैलांवर जातो. गावात राहतो तो एकटा. त्याने वादळाची हकिगत सांगितली तर ऐकणारा म्हणतो, “आबा, आता पाटाला पाणी कधी सुटणार ते सांगा.” तेव्हा वर्षातून दोन-तीनदा तरी ज्याला ही भाषा कळते अशा माणसाजवळ बसावे, एवढ्यासाठी ही शाखा.

वर्षाचा मोठा दिवस म्हणजे ४ डिसेंबर, नौदल दिन. १९७१ साली त्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला चढवला, त्याची ही आठवण. अडचण अशी की डिसेंबर म्हणजे ऐन गाळपाचा हंगाम. कुणाच्या फडात टोळी आलेली, कुणाची गाडी काट्यावर रांगेत. म्हणून मेळावा रात्री ठेवतात. त्याला ते अजून ‘बडा खाना’ म्हणतात. नौदलात बडा खान्याला अधिकारी आणि खलाशी एकत्र जेवतात, तोच रिवाज इथे पाळतात. हुद्द्याने सर्वांत मोठा असेल त्याने वाढायचे. रस्सा तिखटजाळ असतो, भाकरी भरपूर असते. कँटीनच्या बाटलीबद्दल आम्ही काही लिहीत नाही.

सहलींची सुरुवात मुंबईपासून झाली. तेव्हा ‘विक्रांत’ बघायला मिळत असे. १९६१ साली नौदलात दाखल झालेले हे विमानवाहू जहाज १९९७ साली निवृत्त झाले, पुढे २००१ ते २०१२ पर्यंत मुंबईत संग्रहालय म्हणून उभे होते. ज्या शिडीवरून विशीत चढलो त्याच शिडीवरून नातवाचा हात धरून चढलो, असे सांगणारे गृहस्थ शाखेत आहेत. २०१४ साली जहाज भंगारात निघाले. त्याच्या धातूचा काही अंश वापरून बजाजने २०१६ साली मोटारसायकल काढली. आमच्या माहितीतल्या एका माजी खलाशाने हट्टाने ती मुलाला घ्यायला लावली, आणि रोज सकाळी टाकी स्वतः पुसतो. मुलगा वैतागतो, पण गप्प बसतो.

अलिबागची सहल स्वस्तातली. २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी. मोफत आणि २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट, त्यामुळे प्रासंगिक करारावर गाडी घेण्यापेक्षा नेहमीच्या गाड्यांनी गेलेले परवडते. गाडी बदलावी लागते एवढेच. तिथे कान्होजी आंग्रे यांची समाधी आहे. मुंबईतल्या नौदलाच्या तळाला त्यांचेच नाव आहे, त्यामुळे मंडळी समाधीपुढे न सांगता सावधान उभी राहतात. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते. भरतीची वेळ काढण्यावरून दोन जुन्या खलाशांत वाद झाला, आणि शेवटी किनाऱ्यावरच्या टांगेवाल्याने सांगितलेली वेळ बरोबर ठरली, असे ऐकतो.

आता जरा स्पष्ट लिहितो. पहिली काही वर्षे या सहली फक्त पुरुषांच्या होत्या. “बायकांना जहाजातले काय कळते?” असा एक सूर होता. आमच्या मते तो अगदी चुकीचा होता. नवरा वर्षातले दहा महिने दर्यावर असताना जनावरे, शेत, सासू-सासरे, मुलांची शाळा हे सगळे कुणी सांभाळले? शिवाय शाखेतली माणसे कमी होत चालली, तशा मागे राहिलेल्या भगिनी वाढल्या. नवरा गेला की मेळाव्याचे बोलावणेही बंद होई. हा प्रघात काही सदस्यांनी आग्रहाने मोडला, आणि सहलीला माजी नौसैनिकांच्या पत्नी व विधवा भगिनी येऊ लागल्या.

त्याचा गुण अलिबागच्याच वाटेवर आला. एका भगिनीचे कुटुंब निवृत्तिवेतन अडले होते. नौदलाच्या कागदांवर त्यांचे माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे, आणि जन्मतारीख दोन्हीकडे वेगळी. बँकेत खेपा घालून त्या थकल्या होत्या. पिशवीत कागद घेऊनच त्या सहलीला आल्या. गाडीत शेजारी बसलेले गृहस्थ नौदलात लेखनिक होते. त्यांनी चष्मा लावून सगळे कागद तिथेच वाचले. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज, मग मुंबईत मानखुर्दच्या नौसैनिक अभिलेख कार्यालयाकडे पाठपुरावा, असा रस्ता त्यांनी लिहून दिला. काही महिन्यांनी वेतन थकबाकीसह सुरू झाले. बाईंनी शाखेत पेढे वाटले. आता प्रत्येक सहलीत मंडळी आपापले कागद बरोबर आणतात, आणि घाट संपेपर्यंत गाडीत अर्जच लिहिले जातात.

मोठी सहल मात्र अजून राहिली आहे, ती दीवची. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने ‘खुकरी’ बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही, ते जहाजाबरोबरच गेले. दीवला समुद्रासमोरच्या टेकाडावर त्यांचे स्मारक आहे, काचेत जहाजाची प्रतिकृती ठेवली आहे. त्याच नावाची दुसरी युद्धनौका बत्तीस वर्षे सेवा करून २०२१ साली निवृत्त झाली, तीही २०२२ साली दीवला देण्यात आली. चहूकडे दारूबंदीचा गुजरात असून दीवला ती नाही, म्हणून मंडळींना दीवची ओढ, अशी थट्टा शाखेत चालते. पण खरे कारण सगळ्यांना ठाऊक आहे. त्या वर्षी सतराव्या वर्षी भरती झालेला पोरगाही आता सत्तरी ओलांडून गेला. एकाला गुडघे वर चढू देत नाहीत, दुसऱ्याची बायपास झालेली. तीन वर्षे “पुढच्या साली” असे चालले आहे, आणि तेवढ्यात तिघांची नावे यादीतून कमी झाली.

यंदा गाळप संपल्यावर, उन्हाचा ताप वाढण्याआधी निघायचे असे शाखेने ठरवले आहे. लांबचा प्रवास असल्याने वाटेत दोन मुक्काम धरले आहेत. बरोबर एक डॉक्टर हवा आहे. सभासदांच्या घरात कुणी तरुण डॉक्टर आठवडाभर मोकळा असेल तर त्याचा खर्च शाखा करील. माजी नौसैनिकांनी, आणि ज्यांचे पती वा वडील नौदलात होते अशा सर्व भगिनींनी आपली नावे नजीकच्या शेतकी गट कार्यालयात द्यावीत. येताना नौदलाचे सेवापुस्तक, आधार कार्ड आणि निवृत्तिवेतनाचे बँक पासबुक यांच्या प्रती आणाव्यात. कागद अडलेले असतील तर तेही आणावेत, गाडीत वेळ भरपूर आहे.