ठिबकाच्या नळीतील रसायन

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या सोनाळ्यासारख्या गावाच्या शिवारात ठिबक सिंचनाच्या काळ्या नळ्यांची नवलाई आता उरलेली नाही. मात्र ती नळी इतकी लवचिक असूनही इतकी चिवट कशी, हा प्रश्न शाळेतील रसायनशास्त्राच्या तासाला क्वचितच विचारला जातो.

या प्रश्नाचे उत्तर इथिलीन या वायूत आहे. मुंबई हायच्या वायूच्या आधारावर रायगड जिल्ह्यातील नागोठणे येथे उभारलेल्या संकुलात हा वायू तयार होतो. इथिलीनच्या रेणूत कार्बनचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात. टायटॅनियमयुक्त उत्प्रेरकाच्या सान्निध्यात असे दोन रेणू एकत्र आले की चार कार्बनांचे ब्यूटीन बनते आणि दुहेरी बंध टोकाशी शाबूत राहतो. कौशल्य जोडण्यात नाही, वेळीच थांबण्यात आहे; जोडणी चालूच राहिली तर ब्यूटीन हाती लागत नाही.

हे थांबणे प्रथम ध्यानात आले ते योगायोगानेच. जर्मनीत म्यूलहाइम येथे १९५३ च्या सुमारास कार्ल झीग्लर यांच्या प्रयोगशाळेत इथिलीनची लांब साखळी अपेक्षित असताना ब्यूटीन मिळाले. पात्रात राहून गेलेल्या निकेलच्या अंशाचा तो प्रताप होता. त्याच्या शोधातून इतर धातूंची चाचणी झाली आणि झीग्लर व नाट्टा यांना १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळवून देणाऱ्या संशोधनाचा मार्ग खुला झाला.

इथिलीनच्या साखळीत थोडे ब्यूटीन मिसळले की तिला ठिकठिकाणी दोन कार्बनांचे आखूड फाटे फुटतात. त्यामुळे साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून बसू शकत नाहीत. नळी वाकते, पण सहजासहजी तडकत नाही. उन्हापासून तिचे रक्षण तिच्यात मिसळलेली काजळी करते.

या ज्ञानाला व्यवहाराचेही अंग आहे. या साखळ्या एकमेकींशी कायमच्या सांधलेल्या नसल्याने जुनी नळी वितळवून पुन्हा वापरता येते. ती बांधावर जाळणे म्हणजे धूर पसरविणे आणि मोलाचा कच्चा माल गमावणे होय. फळ्यावरचे समीकरण आणि बांधावरची नळी यांची गाठ शिक्षकाने घालून दिली, तर कपाशीच्या गावातील विद्यार्थ्याला रसायनशास्त्र परके वाटणार नाही.